कमिट आणि रोलबॅकच्या फंक्शनांवर कॉमेंट नेमकी काय लिहावी?

काटाघर

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. कोड सी भाषेतला. डेटाबेस म्हणाल तर आधीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं छोटंसं स्टोअर आहे. तो पुण्याला नोकरीला गेला आणि कोड माझ्याकडे आला. केबिनमधल्या उबुंटूच्या मशीनवर प्रोग्राम चालतो, कॅशियरचं मशीन लॅनवरून त्याच्याशी बोलतं.

काम असं चालतं. कापसाची गाडी भरून येते, पहिलं वजन होतं. गंजीवर रिकामी होऊन परत येते, दुसरं वजन होतं. दुसऱ्या वजनाला तीन ठिकाणी लिहावं लागतं: पावती, शेतकऱ्याचं खातं आणि दिवसाची आवक. तिन्ही मिळून एक व्यवहार. लिहिण्याआधी जुन्या नोंदी एका ‘मागची’ नावाच्या फायलीत उतरवून ठेवायच्या, मग मुख्य फाईल बदलायची, शेवटी ‘मागची’ पुसायची. सुरू होताना ‘मागची’ सापडली तर जुन्या नोंदी परत बसवायच्या. फंक्शनं चार आहेत: व्यवहार_सुरू, व्यवहार_पक्का (म्हणजे कमिट), व्यवहार_रद्द (म्हणजे रोलबॅक) आणि उठल्यावर_तपास.

कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपा, मात्र फार त्रोटक. व्यवहार_पक्का वर लिहिलंय, ‘व्यवहार पक्का करतो.’ बस. आता सोबत एक नवा मुलगा आलाय, हुशार आहे. हार्डडिस्क जुनी, पावती निघायला वेळ लागतो म्हणून त्याने ‘मागची’ पुसण्याची ओळ मुख्य फायलीच्या एफसिंकच्या (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवून घेणाऱ्या आज्ञेच्या) वर नेली. मी बदल पाहिला आणि थांबवला. पण का थांबवला हे त्याला पटवायला बराच वेळ गेला, कारण दाखवायला कुठे काही लिहिलेलंच नव्हतं.

हंगाम सुरू व्हायच्या आत मला या चारही फंक्शनांवर नीट लिहून ठेवायचं आहे. काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुठे लिहायचं? मोठ्या डेटाबेसांच्या सोर्समध्ये हे कसं करतात?

धामकाठ

काटाघर ताई, तुम्ही त्या मुलाला थांबवलं हे फार चांगलं केलं. मी बरीच वर्षं पुण्यात एका स्टोरेज इंजिनवर काम केलं, आता आर्वीकडे गावी असतो. संत्र्याची बाग आणि लांबून थोडं सल्ल्याचं काम, असं चालू आहे. हा विषय मला जवळचा, म्हणून जरा लांबण लावतो.

फंक्शन काय करतं ते नावातच आलं. कमिटच्या फंक्शनवर वाचणाऱ्याला हवी असते ती वेगळी माहिती: कोणत्या ओळीच्या अलीकडे वीज गेली तर व्यवहार झालाच नाही असं धरायचं, आणि कोणत्या ओळीच्या पलीकडे गेली तर तो झालाच. त्या ओळीवर बोट ठेवून दाखवा. बाकीचं सगळं तिच्याभोवती आपोआप उभं राहतं.

तुमच्या स्टोअरची रीत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या रोलबॅक जर्नलचीच आहे; जर्नल म्हणजे तुमची ‘मागची’. म्हणून एसक्यूलाइटच्या सोर्समधली पेजर डॉट सी ही फाईल उघडा. त्यात कमिटचे दोन भाग केलेत, पेजर-कमिट-फेज-वन आणि पेजर-कमिट-फेज-टू. दुसऱ्याच्या डोक्यावरची कॉमेंट मला आदर्श वाटते. तिचा आशय असा: हे फंक्शन बोलावलं जातं तेव्हा डेटाबेसची फाईल पूर्ण बदललेली असते आणि डिस्कवर पोचलेली असते. जर्नल मात्र अजून जागेवर आहे, त्यामुळे या क्षणी काही बिघडलं तर पुढच्या वेळी त्याच जर्नलवरून व्यवहार उलटवला जाईल. हे फंक्शन जर्नल निकामी करतं, म्हणजे पुसतं, छाटतं किंवा त्याचा सुरुवातीचा भाग शून्य करतं, आणि त्यानंतर व्यवहार मागे घेता येत नाही.

पहा, यात आत शिरताना जग कसं आहे ते आलं, मध्येच पडलो तर काय होईल ते आलं, आणि बाहेर पडताना काय बदललेलं असेल तेही आलं. तुमच्या मुलाने ही कॉमेंट वाचली असती तर पुसण्याची ओळ वर न्यायला त्याचा हात धजला नसता. पुसणं हाच कमिटचा क्षण आहे. मुख्य फाईल डिस्कवर पोचायच्या आत ‘मागची’ गेली आणि तेवढ्यात लाइट गेली, तर पावती नवी, खातं जुनं, आणि दुरुस्त करायला हाताशी काहीच नाही.

आता पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस. त्यातल्या एक्सॅक्ट डॉट सी मध्ये कमिट-ट्रान्झॅक्शन नावाचं लांबलचक फंक्शन आहे. डोक्यावर जेमतेम एक ओळ, आणि खरी कॉमेंट आत, जिथे क्रम महत्त्वाचा तिथेच. एका जागी लिहिलंय की माझा व्यवहार संपला हे इतरांना कळवण्याचं काम कमिटची नोंद झाल्यानंतर आणि लॉक (एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) सोडण्याच्या आधीच झालं पाहिजे. आधी आणि नंतर, दोन्ही बाजू बांधून टाकल्यात. त्याच्या खाली लगेच दुसरी सूचना: इथून पुढची सगळी आवराआवर आहे, इथे चूक झाली तरी व्यवहार रद्द करण्याची वेळ निघून गेली, म्हणून इथे फक्त बिनमहत्त्वाच्या गोष्टी सोडण्याचं काम ठेवा. पुढे कोणी नवी ओळ टाकायला आला तर ती कुठे टाकायची, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

आणखी एक धडा रद्द करण्याबद्दलचा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी अबॉर्ट-ट्रान्झॅक्शन आणि क्लीनअप-ट्रान्झॅक्शन अशी दोन फंक्शनं आहेत. नवख्याला वाटतं, दोन कशाला? उत्तर ट्रान्सॅम फोल्डरमधल्या रीडमी फायलीत आहे. व्यवहार फसला हे कळताक्षणी अबॉर्ट चालतं आणि लॉकसारख्या सामायिक गोष्टी सोडून देतं, म्हणजे दुसऱ्यांना विनाकारण ताटकळावं लागत नाही. वापरणारा रोलबॅक किंवा कमिट म्हणेपर्यंत व्यवहाराचा सांगाडा तसाच राहतो, आणि तो शब्द आला की क्लीनअप उरलेलं आवरतं. फसलेल्या व्यवहारात पुढची क्वेरी दिली की पोस्टग्रेस ‘व्यवहार रद्द झालाय, ब्लॉक संपेपर्यंत आज्ञा दुर्लक्षित’ अशा अर्थाची चूक दाखवतं, ते याच मधल्या अवस्थेमुळे. हे ‘का’ फंक्शनच्या नावातून किंवा कोडच्या ओळींतून कधीच दिसलं नसतं. तुमच्या व्यवहार_रद्द वरही लिहा की लॉक कुठल्या क्षणी सुटतो. काट्यावर काही अडलं तर कॅशियर कितीवेळ खोळंबणार, हे त्यावर ठरतं.

कुठे लिहायचं? फायलीच्या डोक्यावर अवस्थांचं एक चित्र काढा: निवांत, उघडा, मागची तयार, मुख्य बदलली, पक्का. कोणतं फंक्शन कुठून कुठे नेतं ते बाणांनी दाखवा. पेजर डॉट सी मध्येही अवस्थांचा असाच आराखडा कॉमेंटमध्येच काढलेला आहे. प्रत्येक फंक्शनवर मग फक्त ‘या अवस्थेतून त्या अवस्थेत’ एवढं पुरतं. क्रमाचं कारण मात्र त्या दोन ओळींच्या मधोमध लिहा. ओळ हलवायला येणारा माणूस तिथेच येतो, वरचं चित्र पाहायला तो थांबेलच असं नाही.

आणि उठल्यावर_तपास वर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे लाइट आली की पाच मिनिटांत पुन्हा जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुन्या नोंदी परत बसवत असतानाच मशीन पुन्हा बंद पडलं तर? हे फंक्शन कितीही वेळा अर्धवट चालून पहिल्यापासून पुन्हा चाललं तरी निकाल तोच आला पाहिजे. तसा तो येतो का ते कोडमध्ये तपासा, आणि येत असेल तर कशामुळे येतो ते लिहा. ‘मागची’ मधल्या नोंदी पूर्ण जुन्या आहेत, फरक साठवलेले नाहीत, म्हणून दोनदा बसवल्या तरी बिघडत नाही. असं काहीसं वाक्य तिथे यायला हवं. उद्या कोणी जागा वाचवायला ‘मागची’ मध्ये फक्त वजनातला फरक साठवायला लागला तर तेच वाक्य त्याला अडवेल.

तुरीची_शेंग

ताई, मी तं म्हणतो कॉमेंटा कमीच लिवा. कोड बदलते, कॉमेंट तशीच रायते. दोन वर्सानं वाचणाऱ्याले ते खोटं सांगते, अन् खोट्या कॉमेंटीपेक्षा कोरी जागा बरी. मी दिग्रसले एका पतसंस्थेचा कोड पाह्यतो, तिथं हे रोज पाहून रायलो. अन् दुसरं म्हणजे, स्वतःचं स्टोअर काहून सांभाळता? एसक्यूलाइट घ्या न मोकळ्या व्हा.

काटाघर

दादा, एसक्यूलाइटवर जायचं आहेच. पण हंगाम तोंडावर आलाय आणि गाड्यांची रांग लागलेली असताना मी मधेच डेटाबेस बदलणार नाही. शिवाय त्या मुलाला हे समजणं गरजेचं आहे. एसक्यूलाइट घेतलं तरी व्यवहार कुठे सुरू करायचा, कुठे पक्का करायचा आणि पावती कधी छापायची हे आमच्याच कोडमध्ये ठरणार आहे.

कॉमेंट जुनी होते हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. त्यावर उपाय काय?

धामकाठ

शेंगभाऊंचा मुद्दा रास्त आहे, आणि उपाय आहे. कॉमेंटमधलं जे वाक्य मशीनला तपासता येतं ते असर्ट (अट खोटी ठरली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी ओळ) म्हणूनही लिहा. ‘हे फंक्शन फक्त मुख्य बदलली या अवस्थेत बोलवावं’ असं वर लिहिलं की आत पहिल्याच ओळीला तसा असर्ट हवा. एसक्यूलाइटच्या पेजरमध्ये असर्ट-पेजर-स्टेट असं एक वेगळंच फंक्शन आहे. वरच्या कॉमेंटमध्ये प्रत्येक अवस्थेबद्दल जे सांगितलंय, म्हणजे लॉक कोणता, जर्नल उघडी की बंद, ते सगळं ते तपासतं. कॉमेंट आणि कोड यांची फारकत झाली की टेस्ट चालवताना लगेच कळतं.

पण शेंगभाऊ, जे असर्टमध्ये मावत नाही त्याचं काय करायचं? ‘ही ओळ त्या ओळीच्या आधी, कारण मध्ये वीज जाऊ शकते’ हे तपासायला प्रोग्राम जिवंतच नसतो. तेवढ्यासाठी कॉमेंट लागतेच. आणि अशी कॉमेंट सहसा जुनी होत नाही, कारण ती डिस्क आणि विजेबद्दल असते. डिस्क आणि वीज आपल्या कोडसारखी दर महिन्याला बदलत नाहीत.

तुरीची_शेंग

हे पटलं भाऊ. अवस्थेचं असर्टमंदी अन् क्रमाचं कारण कॉमेंटमंदी. पतसंस्थेच्या कोडात मीही असंच करून पाह्यतो.

वर्धा_सर्व्हर

दोन गोष्टी जोडतो, दोन्ही कॉमेंटमध्ये हव्यातच.

पहिली, एफसिंकनेच चूक परत केली तर काय? बरेच जण ‘पुन्हा एकदा करून पाहा’ असं लिहून मोकळे होतात. २०१८ साली पोस्टग्रेसच्या लोकांच्या ध्यानात आलं की लिनक्सवर हे घातक आहे. एफसिंक फसल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीतली ती पानं डिस्कवर लिहिली गेली असं समजून सोडून देऊ शकतं, आणि दुसऱ्यांदा केलेला एफसिंक ‘सगळं ठीक’ म्हणून परत येतो. डेटा मात्र डिस्कवर नसतो. म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पॅनिक करून थांबतं आणि वॉलवरून (बदल करण्याआधीच लिहून ठेवलेल्या त्याच्या नोंदवहीवरून) स्वतःला सावरतं. तुमच्या व्यवहार_पक्का वर लिहा: एफसिंक फसला तर पुन्हा प्रयत्न करू नये, प्रोग्राम थांबवावा, ‘मागची’ ला हात लावू नये. पुढच्या वेळी उठल्यावर_तपास बघून घेईल.

दुसरी गोष्ट तपासणीची. तो मुलगा म्हणेल, मी प्रोग्राम किल करून पाहिला आणि माझ्या क्रमानेही डेटा शाबूत राहिला. राहणारच. किल केल्याने फक्त प्रोग्राम मरतो, त्याने लिहिलेलं कर्नलच्या कॅशमध्ये सुखरूप असतं आणि कर्नल ते सवडीने डिस्कवर नेतं. एफसिंकचा क्रम चुकलेला आहे की नाही हे त्या तपासणीत दिसतच नाही. ते पाहायला खरोखर वीज तोडावी लागते, किंवा डिस्कची नक्कल करणारा थर मध्ये घालावा लागतो. ‘किल करून केलेली तपासणी इथे ग्राह्य नाही’ हे एक वाक्य कॉमेंटमध्ये टाकाच. पुढचा वाद वाचेल.

काटाघर

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलाला सोबत घेऊन बसले आणि व्यवहार_पक्का साठी हे लिहिलं. पाहून सांगा.

*व्यवहार_पक्का. अवस्था: ‘मागची तयार’ मधून ‘निवांत’ मध्ये. बोलावण्याआधी: लिहिण्याचा लॉक आपल्याकडे असावा, ‘मागची’ चा एफसिंक झालेला असावा.*

*क्रम: (क) पावती, खातं आणि आवक मुख्य फायलीत लिही. (ख) मुख्य फायलीचा एफसिंक. (ग) ‘मागची’ पुस. (घ) लॉक सोड.*

*(ग) च्या आधी वीज गेली तर उठल्यावर_तपास जुन्या नोंदी बसवतं, व्यवहार झालाच नाही असं धरावं. (ग) नंतर व्यवहार पक्का, मागे घेता येत नाही. (ख) आणि (ग) ची अदलाबदल कधीही करू नये: ‘मागची’ गेली आणि मुख्य फाईल अर्धवट राहिली तर पावती आणि खातं जुळणार नाही, आणि जुळवायला काही उरणार नाही. (ख) फसला तर पुन्हा प्रयत्न न करता प्रोग्राम थांबवावा, ‘मागची’ तशीच ठेवावी. प्रोग्राम किल करून केलेली तपासणी या क्रमासाठी ग्राह्य नाही.*

मुलाने विचारलं की पावती छापण्याची ओळ कुठे? ती सध्या (ग) नंतर लगेच आहे, लॉक सोडायच्या आधी.

धामकाठ

ताई, फार नेमकं लिहिलंत. मुलाने विचारलेल्या प्रश्नाशीच एक दुरुस्ती जोडलेली आहे.

(ग) मध्ये फाईल पुसली म्हणजे अनलिंक (फाईल पुसण्याची आज्ञा) परत आलं, एवढंच. पुसल्याची नोंद असते डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये), आणि डिरेक्टरीचा एफसिंक होईपर्यंत ती डिस्कवर पोचलीच असं म्हणता येत नाही. म्हणजे अनलिंक झालं, वीज गेली, आणि मशीन उठल्यावर ‘मागची’ पुन्हा जागेवर दिसली, असं होऊ शकतं. मग उठल्यावर_तपास इमानदारीने सगळं उलटवेल. डेटा बिघडणार नाही, तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळतीलच. पण पक्का म्हटलेला व्यवहार गायब झालेला असेल.

एसक्यूलाइटमध्येही नेमकी हीच फट आहे, आणि त्यांनी ती कागदोपत्री उघड सांगितली आहे. सिंक्रोनस हे प्रॅग्मा, म्हणजे सेटिंग, ‘फुल’ वर ठेवलं तर जर्नल पुसल्यावर डिरेक्टरीचा एफसिंक होत नाही, ‘एक्स्ट्रा’ वर ठेवलं तर होतो. कमिटपाठोपाठ लगेच वीज गेली तरी व्यवहार टिकावा, यासाठीच ‘एक्स्ट्रा’ आहे. तुम्ही पुढे एसक्यूलाइटवर गेलात की ही सेटिंग आठवणीने पाहा.

तुमच्याकडे हे महत्त्वाचं ठरतं ते पावतीमुळे. छापलेला कागद शेतकऱ्याच्या खिशात गेला की तो रोलबॅक होत नाही. म्हणून (ग) नंतर ‘(ग२) डिरेक्टरीचा एफसिंक’ घाला, आणि ‘मागे घेता येत नाही’ हे वाक्य (ग२) च्या खाली न्या. (ग) आणि (ग२) च्या मध्ये वीज गेली तर निकाल दोन्हीपैकी कोणताही असू शकतो, हेही स्पष्ट लिहा. छपाई (ग२) नंतर, आणि माझ्या मते लॉक सोडल्यावरच. प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून कॅशियरने थांबून राहायचं कारण नाही. मात्र छपाई फसली तर व्यवहार_रद्द बोलवायचं नाही, पावती पुन्हा छापायची. हे दोन ओळींत तिथेच लिहा, कारण ‘चूक आली की रद्द कर’ हा नव्या माणसाचा पहिला विचार असतो.

व्यवहार_सुरू मध्येही पाहा: ‘मागची’ तयार केल्यावर डिरेक्टरीचा एफसिंक होतो का? झाला नसेल तर उलट अडचण आहे, मुख्य फाईल बदललेली आणि ‘मागची’ चं नावच डिरेक्टरीत नाही.

काटाघर

आत्ताच पाहिलं. व्यवहार_सुरू मध्ये फक्त फायलीचा एफसिंक आहे, डिरेक्टरीचा नाही. दोन्ही ठिकाणी मुलगाच घालतोय, कॉमेंटही तोच लिहितोय. रविवारी काटा बंद असतो. तेव्हा केबिनच्या मशीनला यूपीएसवरून काढून, दुसऱ्या डिस्कवर डेटाची नक्कल ठेवून, मेन स्विच पाडून बघणार आहोत. उठल्यावर_तपास ची कॉमेंट त्यानंतर इथे टाकते.